अब्बांच्या खोलीचं दार

आमचं घर रत्नागिरीत, दुसऱ्या मजल्यावर. पश्चिमेला गॅलरी, पूर्वेला स्वयंपाकघराची खिडकी आणि मधल्या बोळात तीन खोल्यांची तीन दारं. घर बघायला आलो तेव्हा एप्रिलची दुपार होती. गॅलरीतून समुद्राचा वारा आत शिरला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून तिथल्या तिथे हो म्हटलं. तोच वारा दारं आपटतो, हे राहायला आल्यावर कळलं.

आपटणं म्हणजे साधंसुधं नाही. धाकटा झोपेतून दचकून रडायला लागायचा. खालच्या मजल्यावरच्या खाला जिन्यात भेटल्या की हसून विचारायच्या, "काय गं, आज पुन्हा वारा रागावला?" दार अडवायला हाताला येईल ते लावायचो. पुठ्ठ्याची घडी, नारळाचं सोडण, जुनी चप्पल, आणि वारा फारच माजला तर वरवंटा. अशी चार वर्षं काढली. दार आपटल्याचा आवाज इतका सवयीचा झाला की त्याच्याकडे कुणी लक्षच देईना. नेमकं तेच नडलं.

गेल्या वर्षी आमच्या अब्बांना कोल्हापूरला पेसमेकर बसवला. अल्हमदुलिल्लाह, तब्येत सुधारली, पण चालताना तोल पूर्वीसारखा राहिला नाही. जुलैतली एक दुपार. जोहरची नमाज अदा करून ते आपल्या खोलीत आडवे झाले होते. बाहेर पाऊस, गॅलरीच्या पत्र्यावर त्याचा ताशा. आम्ही स्वयंपाकघरात होतो, मिक्सर चालू होता. दार धाडकन आपटलं. वारा, असं म्हणून आम्ही कामाला लागलो.

ते दार अब्बा उठत असतानाच आपटलं होतं. ते दचकले, तोल गेला आणि पलंगाच्या कडेवरून खाली बसले. हाड मोडलं नाही, पण स्वतःहून उठता येईना. त्यांनी हाका मारल्या. बंद दार, पाऊस, मिक्सर. वीस मिनिटांनी चहा द्यायला म्हणून आमची लेक गेली, तेव्हा कळलं. दार उघडं असतं तर पहिली हाकच ऐकू आली असती. त्या वीस मिनिटांचं ओझं आम्हां दोघांच्याही मनावरून लवकर उतरलं नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही फर्मान काढलं : अब्बांच्या खोलीचं दार यापुढे बंद होणार नाही. वरवंटा कायमचा दारापाशी ठेवला. आठवड्याच्या आत फजरच्या वेळी वजूला निघालेल्या अब्बांचा अंगठा त्याच वरवंट्यावर आपटला. भिंत धरली म्हणून वाचले. नख काळंनिळं झालं.

आम्ही पायाला बर्फ लावत होतो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बेटा, पडू नये म्हणून ठेवलेल्या दगडाला अडखळूनच मी पडणार होतो." थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "आणि दुसरं सांगू? ज्या खोलीचं दार मला लावता येत नाही, ती माझी खोली नाही, तुमचा बोळ आहे. सूरह नूरमध्ये मुलांनाही तीन वेळा परवानगी मागून आत यायला सांगितलंय. फजरच्या आधी, दुपारी कपडे उतरवून विसावतो तेव्हा आणि इशानंतर. पोरांना ते शिकवायचं, तर आधी लावायला दार तर हवं ना?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही त्यांच्या जिवाचा विचार केला होता, त्यांच्या पडद्याचा केला नव्हता. आता काय हवं ते नीट कळलं. वाऱ्याने न हलणारं, पण अब्बांनी लावलं तर लागणारं दार. आणि जमिनीवर पायात येईल असं काहीच नको.

हार्डवेअरच्या दुकानात अब्बा हट्टाने बरोबर आले. दुकानदाराने चुंबकाचे डोअर स्टॉपर काउंटरवर मांडले. या सगळ्यांची रीत एकच. एक चुंबक आणि एक लोखंडी प्लेट; यातलं एक दारावर बसतं, दुसरं भिंतीला किंवा फरशीला. पूर्ण उघडलेलं दार एकमेकांना धरून थांबतं आणि हाताने ओढलं की सुटतं. एक प्रकार फरशीवर बसवायचा, बुटक्या खुंटीसारखा. एक फरशीत सपाट बसणारा. दारावरचं चुंबक त्याच्यावर आलं की त्यातली छोटी जीभ वर उचलली जाते. दिसायला छान, पण त्याच्या फटीत केर साचतो. तिसरा भिंतीचा, स्कर्टिंगच्या पट्टीवर बसणारा, बोटभर लांब दांड्याचा. अंधारात भिंतीच्या कडेने चालणाऱ्या माणसासाठी फरशीवर काहीही नको, म्हणून आम्ही भिंतीचा निवडला.

मग जोराचा प्रश्न. दुकानदार म्हणाला, समुद्राचा वारा आहे, निओडायमियमचं दणकट चुंबक घ्या. हे निओडायमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं चुंबक असतं आणि आकाराच्या मानाने त्याची ओढ फार मोठी असते. त्याच्या दुकानात नमुन्यासाठी पाटावर बसवलेलं छोटं दार होतं. अब्बांनी ते ओढून पाहिलं. सुटेना. दोन्ही हातांनी मागे झुकून ओढलं तेव्हा एकदम सुटलं आणि ते पाऊलभर मागे आले. आम्ही पाठीमागे होतो म्हणून बरं. त्या क्षणी कळलं की जितकं दणकट तितकं चांगलं, हा हिशेब आमच्या घराला लागू नाही. शेवटी दोन बोटांनी सुटेल असं मध्यम ताकदीचं, २५० रुपयांचं घेतलं.

पैसे देईपर्यंत अब्बांनी ती डबी उचलून सदऱ्याच्या डाव्या खिशात घातली होती. पेसमेकर बरोबर तिथेच, कातडीखाली! आम्ही दोघं एकदमच ओरडलो. चुंबक जवळ आलं तर पेसमेकरचं नेहमीचं काम बदलू शकतं. दूर नेलं की ते सहसा पूर्ववत होतं. म्हणून चुंबकाच्या वस्तू छातीपासून किमान सहा इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर, लांब ठेवायच्या असतात. पायाशी बसवलेल्या स्टॉपरची भीती नाही. मात्र तो खिशात ठेवायचा नाही आणि वाकून बसवायचं काम अब्बांचं नाही, हे तिथेच ठरलं. ज्यांच्या घरी पेसमेकर आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांनाही विचारून घ्यावं.

घरी आल्यावर आम्ही आळशीपणा केला. डबीत दुहेरी चिकटपट्टी होती. भोक पाडायला नको म्हणून तिनेच चिकटवलं. पावसाळ्यातली ओलसर भिंत. चौथ्या दिवशी स्टॉपर दारासोबत निघून आला. मग शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन आणलं आणि रविवारी काम हातात घेतलं.

जागा ठरवताना आमची नववीतली लेक उपयोगी पडली. तिच्या खोलीत पूर्वी सुताराने साधा स्टॉपर बिजागरीजवळ बसवला होता आणि दर खेपेला दार त्याच्यावर आदळून वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले होते. तिने वहीत तरफ काढून दाखवली. दार ३२ इंच रुंद. वाऱ्याचा जोर मधोमध, म्हणजे बिजागरीपासून १६ इंचांवर आहे असं धरा. चुंबक ८ इंचांवर बसवलं तर त्याला वाऱ्याच्या दुप्पट जोर लावावा लागेल. तेच बाहेरच्या कडेजवळ, २९ इंचांवर बसवलं तर निम्म्याहून थोडाच जास्त पुरेल. म्हणजे चुंबक मध्यम असूनही वाऱ्याला पुरून उरेल आणि बिजागरीवर ताण कमी येईल. अब्बांनी तिला जवळ घेऊन दुआ दिली.

दार पूर्ण उघडून, हँडल भिंतीला लागत नाही हे पाहून, आम्ही स्कर्टिंगवर खूण केली. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली वायरी असतात, ती रेघ टाळली. पलीकडे बाथरूमचे नळ नाहीत याची खात्री केली. टाइलवर चिकटपट्टी लावली, म्हणजे बिट घसरत नाही. टाइलला आधी भाल्याच्या टोकासारखं बिट, ठोका बंद ठेवून, हलक्या हाताने. टाइल पार झाली की ६ मिलिमीटरचं काँक्रीटचं बिट. भोकातली धूळ फुंकून काढली, प्लास्टिकची गिट्टी ठोकली आणि स्टॉपर कसला.

प्लेटीची जागा काढायची युक्ती सोपी. चुंबकाच्या तोंडावर खडू घासला आणि दार हलकेच टेकवलं. दारावर पांढरा गोल उमटला. तिथे स्क्रूपेक्षा बारीक भोक आधी पाडून प्लेट बसवली. फ्लश डोअरला खालच्या कडेला भरीव लाकूड असतं, तिथे स्क्रू धरतो. बाथरूमच्या पोकळ पीव्हीसी दाराला मात्र तो धरत नाही. प्लेटीमागे छोटी स्प्रिंग असेल तर उत्तम. पावसाळ्यात दार फुगून जरा खाली बसलं तरी ती जुळवून घेते.

कोकणातल्या घरांसाठी आणखी एक. स्टॉपर ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या, तो खाऱ्या हवेत साध्या पोलादापेक्षा जास्त टिकतो. पण ३०४ ला चुंबक जवळजवळ धरतच नाही, म्हणून समोरची प्लेट दुसऱ्या, चुंबक धरणाऱ्या पोलादाची असते आणि गंज आधी तिलाच लागतो. महिन्यातून एकदा तिच्यावर मशीनच्या तेलाचं बोट फिरवतो. लहान मुलं असलेल्यांनी चुंबकाची टोपी पक्की आहे ना, हे मधूनमधून बघावं. निघालेलं चुंबक पोटात गेलं तर ते फार धोक्याचं. आणि बिजागरीच्या फटीत बोट सापडण्यापासून हा स्टॉपर वाचवत नाही, तिथे डोळ्यांत तेल घालूनच राहावं लागतं.

आता दार दिवसभर उघडं असतं. वारा येतो, दार जागचं हलत नाही. अब्बांनी खाकरलं तरी स्वयंपाकघरात ऐकू येतं. जोहरनंतर ते दोन बोटांनी दार ओढतात, टक् असा आवाज होतो आणि दार लागतं. तेव्हा आम्ही पंधरा-वीस मिनिटांनी एकदा दारापाशी जाऊन हळूच विचारतो, "अब्बा, ठीक ना?" आतून "हं" आलं की परत फिरतो. हे त्यांनीच ठरवून दिलंय.

परवा दुपारी धाकटा चेंडू घेऊन धावत आला आणि बंद दारापाशी थांबला. "दादाअब्बा, येऊ का?"

आतून आवाज आला, "आत्ता नको. असरला ये."

तो चेंडू काखेत धरून गुपचूप परतला. असरची अजान झाली, दार उघडून भिंतीला टेकलं, टक् झालं, आणि तो धावला.