न दिसणारा उतार

सायकल भाड्याने देणाऱ्या पोऱ्याने पावती फाडता फाडता सांगितलं होतं, ‘‘येताना वेळ जास्त धरा.’’ मी हसण्यावारी नेलं. रेल्वेची जुनी वाट म्हणजे सपाट. जाणं काय नि येणं काय!

पेनसिल्व्हेनियातलं ओहायोपाइल. यॉकिगेनी नदी गावाला लागूनच धबधब्यावरून उडी घेते आणि फर्नक्लिफच्या सोंडेला लांबलचक वळसा घालते. रेल्वेला एवढी सवड कुठली? तिने दोन पूल टाकून सोंड आरपार ओलांडली. दुसऱ्या, उंच पुलावर कठड्याला सायकल टेकवून खाली पाहिलं, तर पांढऱ्या फेसात रबरी राफ्ट रंगीत गोट्यांसारखे गरगरत होते.

वेस्टर्न मेरिलँड रेल्वेने 1912मध्ये इथून कॉनेल्सव्हिलपर्यंत रूळ नेले, तेव्हा पलीकडच्या काठावर बाल्टिमोर अँड ओहायोची लाइन आधीपासून होतीच. एका आळीत दोन किराणा दुकानं! पुढे दोन्हींचा मालक एकच झाला आणि उशिरा आलेल्या दुकानाला 1975मध्ये टाळं लागलं. रूळ उखडले. 1986मध्ये ओहायोपाइलजवळचा पहिला तुकडा सायकलींना मोकळा झाला. आज पिट्सबर्ग ते कंबरलँड अशी दीडशे मैलांची ही सलग वाट आहे.

ऑक्टोबरातली सकाळ. दाबून बसवलेली चुनखडीची कच चाकाखाली पाट्यावर खडेमीठ रगडावं तशी वाजत होती. झाडीतून नदी दिसायची कमी, ऐकू यायची जास्त. ओढ्यांवरच्या पुलांवर तेवढं आभाळ सापडायचं. पेडल मारावंच लागेना. पन्नाशी उलटली तरी आपले गुडघे शाबूत आहेत म्हणून मी स्वतःवर फारच खूश झालो. कॉनेल्सव्हिलचे सतरा मैल कधी सरले कळलंही नाही.

पिट्सबर्गच्या पोलादभट्ट्या एके काळी याच टापूतल्या कोकवर पेटायच्या. उद्योगपती हेन्री क्ले फ्रिक गब्बर झाला तो त्याच कोकवर. मी बाकावर बसून डब्यातली पोळी-भाजी खाल्ली आणि मागे फिरलो.

मैलभरात दम लागला. टायर दाबून पाहिले, ठणठणीत. ब्रेक घासतोय का पाहिलं, नाही. वारा तर नव्हताच. मग झाडीच्या फटीतून नदीकडे लक्ष गेलं. सकाळभर ती माझ्याबरोबर धावत होती. आता समोरून येत होती.

शंभर फुटांमागे फूटभरही चढ नसेल. डोळ्यांना तो दिसत नाही, मांड्यांना बरोबर कळतो. लोखंडी रुळावर लोखंडी चाक चढाला घसरतं, म्हणून इंजिनिअरांनी कुठे डोंगर कापला, कुठे भराव घातला आणि नदीचाच उतार हाताशी धरला. भंगारवाल्याने रूळ नेले असतील. उतार जागच्या जागी राहिला. सकाळी माझ्या गुडघ्यांनी खाल्लेला भाव त्याचा होता.

पलीकडच्या काठावर शिट्टी वाजली. मालगाडी. लहानपणी मनमाडला मोजायचो तसे डबे मोजायला लागलो, एक पाय जमिनीवर टेकवून. तेवढीच विश्रांती. बेचाळीसपर्यंत आलो आणि झाडी आडवी आली.

दुकानात पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. पोऱ्याने माझ्या पोटऱ्यांवर बसलेली राखाडी धूळ पाहिली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि मुकाट्याने सायकल आत घेतली.