पेस्टल्स, चार हातांवर

एडिनबरोचा किल्ला पाहिला, हायलँड्सचे डोंगर बसच्या ओल्या काचेतून पाहिले. त्यातलं सांगण्यासारखं माझ्याजवळ फारसं काही नाही. स्कॉटलंडला मी गेले ती ग्लासगोसाठी, आणि ग्लासगोतही किंग स्ट्रीटजवळच्या ‘मोनो’ नावाच्या एका उपाहारगृहासाठी. ताईला हे पटत नव्हतं. “एवढ्या लांब येऊन तू हॉटेलात उभं राहून गाणं ऐकणार?” होय, तेच ऐकणार होते.

याचं मूळ पुण्यात आहे. कॉलेजात असताना निर्वाणाच्या ‘अनप्लग्ड’ची कॅसेट हाती आली. तिच्यात कर्ट कोबेन एक गाणं परक्याचं म्हणून गातो, व्हॅसलिन्स या बँडचं. मला ते त्याच्या स्वतःच्या गाण्यांहून जवळचं वाटलं. शोधत गेले तेव्हा कळलं की व्हॅसलिन्स ग्लासगोचे; १९८७ साली त्यांची पहिली रेकॉर्ड काढली ती ‘फिफ्टी थर्ड अँड थर्ड’ या छोट्या कंपनीने, आणि ती कंपनी मित्रांबरोबर चालवत होता स्टीव्हन मॅकरॉबी, पेस्टल्सचा गायक. पेस्टल्स १९८१पासून वाजवताहेत. जगभर गाजलेल्या आवाजामागे असं एक शांत, हट्टी घराणं आहे, हे कळल्यापासून मला त्यांना समोर बसून ऐकायचं होतं.

‘मोनो’त जेवण पूर्ण व्हीगन, एका टोकाला मंच, आणि त्याच छताखाली ‘मोनोरेल’ हे रेकॉर्डचं दुकान. ते २००२ साली सुरू करणाऱ्यांत मॅकरॉबी आहे. ज्याची गाणी ऐकत आपण मोठे झालो तो माणूस दुसऱ्यांच्या रेकॉर्डी विकतो, याचा मला मनापासून आनंद झाला. गाण्यावर प्रेम असणं म्हणजे आणखी काय असतं?

पेस्टल्सच्या कार्यक्रमाला मी मागे उभी होते. माझ्या पुढे सगळे सहा फुटी. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझा दंड धरला आणि गर्दीतून वाट काढत थेट मंचापाशी नेलं. “इथे उभ्या राहा. तिथून तुम्हाला पाठीच दिसतील.” साठीच्या आसपासचं वय, पांढरे झालेले आखूड केस, अंगात जुना ॲनोरॅक. पेस्टल्सच्या चाहत्यांनी ऐंशीच्या दशकात हेच पावसाळी जाकीट मिरवलं होतं. या बाईंनी ते अजून सोडलं नव्हतं. त्यांचं ग्लासगोचं इंग्रजी मला सुरुवातीला निम्मंच कळलं. मग त्या सावकाश बोलू लागल्या आणि कार्यक्रम सुरू होईपर्यंत थांबल्याच नाहीत.

“एनएमई साप्ताहिकाने १९८६ साली बावीस बँडची एक कॅसेट काढली होती, सी एटी-सिक्स,” त्या म्हणाल्या. “हे होते तिच्यात. तेव्हा लोक म्हणायचे, यांना गाता येत नाही, वाजवता येत नाही, पोरखेळ आहे. आम्ही म्हणायचो, हे आमच्यासारखं गातात. आम्हाला दुसरं काय हवं होतं?”

मी विचारलं, १९९७च्या ‘इल्युमिनेशन’ या रेकॉर्डनंतर ‘स्लो समिट्स’ यायला २०१३ उजाडलं. मधे चित्रपटाचं संगीत वगैरे आलं खरं, पण एवढी वर्षं कशी काढलीत?

“थांबलो. माझी दोन मुलं तेवढ्यात मोठी झाली. घाई करून वाईट रेकॉर्ड काढली असती तर काय केलं असतं?”

मग दिवे मंद झाले. पेस्टल्सची कत्रीना मिचेल ड्रम वाजवता वाजवता गाते. आवाज पातळ, जवळजवळ बोलल्यासारखा. मोठ्या मैदानात तो दहाव्या रांगेपर्यंतही टिकला नसता. इथे तिने श्वास कुठे घेतला तेही कळत होतं. मॅकरॉबीचा जाड, किंचित घसरणारा सूर, त्यावरून तरंगत जाणारी बासरी, आणि गिटारी एकमेकींच्या अंगावर न धावणाऱ्या. दोन गाण्यांमध्ये एक गिटार जुळवायला बराच वेळ लागला. वाड्यातल्या बैठकीत तानपुरा लागेपर्यंत श्रोते जसे बसून राहतात, तसे हे शे-दोनशे लोक उभे राहिले. कुणी शिट्टी मारली नाही, फोन वर केला नाही. ‘चेक माय हार्ट’ सुरू झालं तशा शेजारच्या बाई नाचू लागल्या. त्यांचा खांदा दर ठेक्याला माझ्या खांद्यावर आपटत होता. मीही नाचले.

मोठ्या पडद्यावर गायक पाहायची मला मुळीच हौस नाही. ग्लासगोत पर्यटक ‘किंग टट्स’पाशी फोटो काढतात, कारण त्या तीनशे माणसांच्या जागेत १९९३ साली रेकॉर्ड कंपनी चालवणाऱ्या ॲलन मगीने ओएसिसला हेरलं. लहान खोलीचं मोल तिथून बाहेर पडून कोण केवढा मोठा झाला यावर ठरवायचं, हे मला मान्य नाही. पेस्टल्स चाळीसहून अधिक वर्षं अशाच खोल्यांत वाजवत आले, आणि त्यांच्या गाण्याला याहून मोठी जागा लागतच नाही.

निघताना बाईंनी उद्याचा बेत विचारला. “लॉक लोमंड,” मी म्हणाले.

“सरोवर कुठे पळून जात नाही. सकाळी दुकानात या. आधी ‘इल्युमिनेशन’ घ्या, बाकीचं नंतर.”

दुसऱ्या दिवशी ताई आणि भावोजी सरोवर पाहायला गेले. मी ‘मोनोरेल’मध्ये ‘इल्युमिनेशन’ घेतली, मग ‘स्लो समिट्स’, आणि दुपारपर्यंत पोस्टकार्डच्या रेकॉर्डी चाळत राहिले. ॲलन हॉर्नने वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या फ्लॅटमधून चालवलेली ती कंपनी, ऑरेंज ज्यूस या बँडची पहिली गाणी काढणारी. दुकानातल्या मुलाला विचारून घेतलं तो रस्ता कुठे येतो, आणि भुयारी रेल्वेने तिकडे निघाले.