शिडाच्या जहाजावर, न मावळणाऱ्या सूर्याखाली

रात्रिभोजनत्यागाचे व्रत मी घेतले, त्याला गेल्या चैत्रात एकतीस वर्षे पूर्ण झाली. या काळात सूर्य कधी मावळतो हे पाहण्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका, मनगटावरचे घड्याळ आणि आमच्या जयसिंगपूरच्या घराच्या गच्चीवरून दिसणारा पश्चिमेचा आकाशाचा पट्टा एवढी साधने मला पुरत होती. सूर्य मावळलाच नाही तर काय करायचे, असा प्रश्न कधी समोर उभा राहील, हे ध्यानीमनीही नव्हते.

तो उभा केला माझ्या कन्येने. ती नॉर्वेतील बर्गन या बंदराच्या शहरी नोकरीनिमित्त राहते. ‘‘अप्पा, या वेळी नुसते डोंगर आणि धबधबे पाहायचे नाहीत. शिडाच्या जहाजावर खलाशी म्हणून जायचे,’’ असे तिने दूरध्वनीवर सांगितले, तेव्हा मी ते थट्टेवारी नेले. मात्र तिने दोन जागा आधीच राखून ठेवल्या होत्या. बस्तीत स्वाध्यायाला बसणाऱ्या मित्रांपैकी एकाने लगेच विचारले, ‘‘दिग्व्रत घेतले आहे ना? उत्तरेची मर्यादा किती ठेवली आहे?’’ श्रावकाच्या गुणव्रतांतले ते पहिले व्रत मी घेतलेले नाही, हे मला त्या दिवशी थोडे ओशाळूनच कबूल करावे लागले.

जहाजाचे नाव ‘स्टाट्सराड लेमकूल’. स्टाट्सराड म्हणजे मंत्री. क्रिस्टोफर लेमकूल हे बर्गनचे माजी मंत्री, आणि आपल्या शहराला खलाशांच्या शिक्षणासाठी एक जहाज मिळावे म्हणून त्यांनी फार खटपट केली. जहाज मूळचे जर्मनीचे. 1914 साली ब्रेमरहाफेन येथे ते बांधले गेले, पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या ताब्यात गेले आणि 1921 मध्ये नॉर्वेला मिळाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ते पुन्हा बळकावून त्याचे नावही बदलले होते. इतके मालक पाहिलेले हे जहाज आजही डौलाने उभे आहे. तीन डोलकाठ्या, पुढच्या सोंडेसह 98 मीटर लांबी, 22 शिडे, आणि सगळी शिडे उभारली तर दोन हजार चौरस मीटरांहून अधिक कापड वाऱ्यात उभे राहते. डोलकाठीची उंची 48 मीटर. धक्क्यावरून वर पाहताना माझी टोपी खाली पडली, यात अतिशयोक्ती नाही.

या जहाजावर पैसे भरून येणारा माणूस प्रवासी नसतो. कायमचे खलाशी थोडे असतात आणि बाकीची कामे आमच्यासारख्या नवख्यांकडून करून घेतात. आमच्या तीन तुकड्या पाडल्या. प्रत्येक तुकडीने चार तास काम करायचे आणि आठ तास विसावा घ्यायचा, की पुन्हा चार तास काम. आमच्या वाट्याला बारा ते चारची पाळी आली, दुपारची आणि मध्यरात्रीची. नॉर्वेजियन भाषेत या रात्रीच्या पाळीला ‘कुत्र्याची पाळी’ म्हणतात. झोपायला खाली एका प्रशस्त दालनात ओळीने टांगलेल्या कापडी झोळ्या. शेजाऱ्याने कूस बदलली की आपणही हलतो. लहानपणी पाळण्यात झोपलो होतो, त्यानंतर साठाव्या वर्षी पुन्हा झोळीत शिरण्याचा योग आला. शिरताना दोनदा पलीकडच्या बाजूने बाहेर पडलो.

जेवणाबद्दल वाचकांना उत्सुकता असेल, म्हणून सांगतो. कन्येने आधीच पत्र पाठवून मांस, मासे, अंडी आणि कंदमुळे वर्ज्य असल्याचे कळवले होते. पहिल्या तीन वर्ज्यांचे आचाऱ्याला काही वाटले नाही. चौथ्याने मात्र तो चक्रावला. बटाटा हा त्या देशाचा अन्नदाता. ‘‘बटाटाही नाही? त्याने तुमचे काय बिघडवले?’’ असे त्याने मनापासून विचारले. तरीही वाटाणे, कोबी, भात, फळे आणि कुरकुरीत राईची पोळी तो आम्हांला नेमाने देत असे. चीज कशाने विरजले आहे याची खात्री होईना, म्हणून ते सोडले. बाकी आधार घरून नेलेल्या खाकऱ्यांचा, मेतकुटाचा आणि भडंगाचा. भडंगाची एक पिशवी तर आमच्या तुकडीतील मंडळींनी एका पाळीत संपवली आणि पुढच्या पाळीला मागू लागली.

बर्गनहून निघाल्यावर स्टाड नावाचे भूशीर लागते. तेथे खुला समुद्र थेट अंगावर येतो. जुन्या काळी व्हायकिंग लोक हे टोक टाळण्यासाठी नावा जमिनीवरून ओढत पलीकडे नेत, असे सांगतात. त्या शहाणपणाची महती मला तेथे पटली. चार तासांच्या पाळीत मी सुमारे तीन तास बादली धरून बसलो होतो. बरोबरच्या बाईंनी आल्याचा तुकडा पुढे केला, पण ओले आले चालत नाही. सुंठ चालते आणि ती डबीत होती. सुंठ-साखरेने त्या दिवशी माझी लाज राखली.

पोट ठिकाणावर आले आणि मग जहाज दिसू लागले. शेकडो दोर खुंट्यांना गुंडाळलेले, आणि प्रत्येकाचे काम वेगळे. आडव्या वाशांना, ज्यांना आपल्या कोकणात परबाण म्हणतात त्यांच्यासारख्या वाशांना, वाऱ्याच्या रोखाने फिरवायचे तर वीस-पंचवीस माणसांनी एका लयीत दोर ओढावा लागतो. एकाने उगाच जोर केला तर काही होत नाही, सगळ्यांनी एकदम केला तर तो अवजड वासा मुकाट्याने वळतो. इंजिनही आहे, आणि बंदरात शिरताना किंवा वारा पडला की ते चालवतात. पण ते बंद होऊन शिडे भरली की जी शांतता पसरते, तिच्यात पाण्याची सळसळ आणि लाकडाची कुरकुर एवढेच ऐकू येते.

वर चढून शिडे गुंडाळण्याची सक्ती नव्हती. मी चढलो नाही. कन्या मात्र कमरेला पट्टा बांधून दोराच्या शिडीने चढली. परबाणाखाली टांगलेल्या एका दोरावर पाय ठेवून, वाशावर पोट टेकून ती कापड ओढत होती आणि खाली मी णमोकार मंत्र म्हणत होतो. तो किती वेळा झाला ते मोजले नाही. खाली उतरल्यावर तिने विचारले, ‘‘अप्पा, घाबरलात?’’ मी म्हणालो, ‘‘नाही.’’ सत्याणुव्रताला त्या दिवशी बाध आला.

माझ्या वाट्याला सुकाणू आले. ते मोठे दुहेरी चाक हाती धरून होकायंत्रावरचा अंश सांभाळायचा. पहिल्या अर्ध्या तासात मी जहाजाला नागमोडी नेले. चूक अशी की चाक फिरवल्यावर जहाज लगेच वळत नाही, म्हणून माणूस आणखी फिरवतो. मग ते वळू लागते आणि थांबत नाही. ‘‘थोडे फिरवा आणि वाट पाहा,’’ असे आमच्या तुकडीची प्रमुख मुलगी पुनःपुन्हा सांगे. ती जेमतेम पंचवीस वर्षांची, लोफोटेन बेटांवरच्या मच्छीमार घरातली.

आपल्या पुराणकथांत समुद्र कमी नाही. श्रीपाल राजाच्या कथेत धवलशेठची जहाजे भडोचच्या किनाऱ्याला अडकून पडतात आणि श्रीपालामुळे ती हलतात. पुढे तोच धवलशेठ त्याला समुद्रात लोटतो. कोठे काही अडले की आई ही कथा सांगत असे. लहानपणी मला ती जहाजे चित्रातल्यासारखी वाटत. कितीतरी टन वजनाचे जहाज नुसत्या वाऱ्यावर हलताना पाहिले आणि त्या कथेतले ‘अडकणे’ आणि ‘हलणे’ हे दोन्ही शब्द नव्याने समजले.

उत्तर ध्रुववृत्त ओलांडले आणि सूर्याने मावळणे सोडून दिले. लोफोटेनमध्ये मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तो क्षितिजाखाली जातच नाही. मध्यरात्री तो उत्तरेला, समुद्रापासून थोडा वर असतो. मग पूर्वेकडे सरकत चढतो, दक्षिणेला उंच होतो आणि पश्चिमेकडून पुन्हा उत्तरेस येतो. चोवीस तास डेकवर ये-जा करणाऱ्या माणसाला तो सरळ सरळ प्रदक्षिणा घालताना दिसतो. ज्योतिष्क देव मनुष्यलोकात मेरूला नित्य प्रदक्षिणा घालतात, हे तत्त्वार्थसूत्रात आपण म्हणतो. भूगोलाचा वाद मला येथे उकरायचा नाही. जयसिंगपुरात जे केवळ पाठ होते, ते तेथे डोळ्यांना दिसत होते, एवढेच नोंदवतो. लोकमान्य टिळकांनी 1903 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेदांतील दीर्घ उषांच्या वर्णनावरून आर्यांचे मूलस्थान याच प्रदेशात असल्याचे मांडले होते. त्यांनी हा प्रदेश स्वतः पाहिला असता तर काय लिहिले असते, असे राहून राहून वाटले.

त्याच पाण्यात रोस्ट नावाचे बेट आहे. 1431 साली पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा व्यापारी क्रीटहून मद्य घेऊन निघाला. वादळात त्याचे जहाज मोडले, आणि 1432 च्या जानेवारीत अवघे 11 जण या बेटांपाशी जिवंत सापडले. रोस्टच्या कोळ्यांनी त्यांना महिनोन्‌महिने घरात ठेवून जगवले. कशावर, तर वाळवलेल्या कॉड माशावर. तोच मासा आजही तेथून इटलीला जातो. मीठही न लावता फेब्रुवारी ते मे या काळात थंड वाऱ्यात तो लाकडी मांडवांवर टांगतात. स्वोल्वेर बंदरात उतरलो तेव्हा काही मांडव अजून भरलेले होते. त्या वासाने मी अर्ध्या रस्त्यातून परतलो. जवळच 1898 साली बांधलेले लाकडी चर्च आहे. हंगामात दूरदूरहून येणारे मच्छीमार मावावेत म्हणून बाराशे माणसे बसतील एवढे ते मोठे केले आहे. समुद्रावर मरण जवळ असणारी माणसे येथे गुडघे टेकत असतील, हा विचार मनातून गेला नाही, आणि मांडवावरची ती मुंडकी नसलेली शरीरेही गेली नाहीत.

वारा पडला त्या दुपारी काहींनी डेकवरून गळ टाकले. एक मासा वर आला आणि माझ्या पायांपाशी तडफडू लागला. मी तेथून उठून पलीकडे गेलो. आमची प्रमुख मुलगी मागून आली. तिने क्षमा मागितली नाही, आणि मीही ती अपेक्षित नव्हती. ‘‘आमच्या बेटावर गहू पिकत नाही,’’ एवढेच ती म्हणाली. मी तिला मृगसेन धीवराची गोष्ट सांगितली. जाळ्यात येणारा पहिला मासा सोडून देण्याचे व्रत त्याने मुनींकडून घेतले. तोच मासा त्या दिवशी पुनःपुन्हा जाळ्यात आला आणि त्याने तो प्रत्येक वेळी सोडला. रिकाम्या हाताने घरी गेला तर बायकोने दार लावून घेतले. तिने गोष्ट लक्ष देऊन ऐकली आणि विचारले, ‘‘लहान होता का तो मासा? ठराविक लांबीपेक्षा लहान कॉड आम्हांलाही सोडावाच लागतो, कायदाच आहे.’’ मला हसू आले. गळ मात्र त्यानंतर जहाजाच्या दुसऱ्या बाजूने टाकले जाऊ लागले.

आता व्रताविषयी. जहाजावर चढतानाच मी ठरवले होते की सूर्य असो वा नसो, घड्याळी सकाळी सात ते संध्याकाळी साडेसहा एवढ्याच वेळात काय ते घ्यायचे. चारही प्रकारच्या आहाराचा त्याग, पाणीसुद्धा नाही. पहिल्या रात्री ते सोपे गेले. पाचव्या रात्री, एकच्या सुमारास, वारा एकाएकी वाढला. दोन तासांहून अधिक वेळ आम्ही पावसात दोर ओढत होतो. बोटे दोराभोवती वळायची थांबली. चार वाजता पाळी सुटली तेव्हा स्वयंपाकघरातून ओटच्या गरम खिरीचा वास येत होता आणि ढग फाटून ईशान्येचे ऊन डेकवर पडले होते, आपल्याकडे सकाळी आठला पडते तसे.

कन्येने गरम पाण्याचा पेला पुढे केला. ‘‘अप्पा, सूर्य मावळलेलाच नाही.’’

तिचे म्हणणे खोटे नव्हते. अंधारात जीव दिसत नाहीत म्हणून रात्री जेवायचे नाही. येथे अंधार कोठे होता? पण एकतीस वर्षे मी काय सूर्याकडे पाहून थांबत होतो, की स्वतःला थांबवत होतो? पेला हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो. खीर घेतली नाही. पाणी प्यालो.

सकाळी वहीत तारीख आणि वेळ लिहून ठेवली. दोन दिवसांनी ट्रॉम्सोच्या धक्क्यावर आम्ही उतरलो.

गावी परतल्यावर चातुर्मासासाठी आलेल्या मुनिमहाराजांसमोर ती वही वाचून दाखवली. महाराजांनी शांतपणे ऐकले, एक एकाशन करायला सांगितले, आणि मग सूर्य खरोखरच क्षितिजाभोवती फिरताना दिसतो का, कोणत्या दिशेने फिरतो, हे माझ्याकडून दोनदा विचारून घेतले.