गोडी गेल्यावरचा मध

आम्हां गुजरातवासी मराठी मंडळींना 'ड्राय' हा शब्द परका नाही. १९६० साली हे राज्य झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे, आणि वाघोडियातील आमच्या घरी मध येतो तो पंचामृतापुरता नाहीतर औषधाच्या चाटणापुरता. त्यामुळे 'ड्राय मीड', म्हणजे साखर न उरलेले मधाचे मद्य, हे नाव नाशिकला भाचीच्या घरी कानी पडले तेव्हा आम्हांला नवल वाटले. गोडीच गेली तर मधाचे ते काय राहिले?

पेल्यातील ते पेय फिकट सोनेरी होते. बारीक बुडबुडे तळातून वर येत होते. जिभेला साखर कोठेही लागली नाही. घोट गिळल्यावर मात्र मधाचा वास नाकात दरवळला आणि बराच वेळ राहिला.

याचे इंगित मधाच्या घडणीतच आहे. मधात सुमारे ८० टक्के शर्करा आणि २० टक्क्यांहून थोडे कमी पाणी असते. इतक्या दाट पाकात सूक्ष्म जीव वाढू शकत नाहीत, म्हणून मध वर्षानुवर्षे टिकतो. पाणी घातले की तो आंबू लागतो. १ किलो मधाचे पाणी मिळून सुमारे ७ लिटर द्रावण केले आणि यीस्टने सारी शर्करा फस्त केली, तर मद्यार्क ६ ते ७ टक्के उतरतो. यीस्टचे भक्ष्य शर्करा. फुलांचा गंध नव्हे. पण तो गंध अन्य वाटांनी निसटतो. द्रावण उकळले तर वाफेबरोबर जातो. उन्हाळ्यात आंबणे वेगाने झाले तर उसळत्या वायूबरोबर जातो. म्हणून जाणते मध उकळत नाहीत, पिंप १६ ते १८ अंशांवर ठेवतात आणि मधात नसलेले नत्रयुक्त पोषण यीस्टला हप्त्याहप्त्याने देतात. उपाशी यीस्ट कुजक्या अंड्याचा वास सोडते. मग काही महिने मुरू देतात. फेसासाठी बाटली बंद करताना लिटरमागे ८ ते १० ग्रॅम मध मोजून घालतात. माप चुकले तर बाटली फुटते. मूळ मध मात्र महाबळेश्वरच्या जांभूळमधासारखा ठसठशीत वासाचा हवा.

हे पेय परदेशी म्हणावे तर 'मीड' हा शब्द आपल्या 'मधु'चाच दूरचा भाऊबंद आहे. चरकसंहितेत मध्वासव आहे. आपली आसवे-अरिष्टे धायटीच्या फुलांनी आंबतात आणि त्यांत आपोआप मद्यार्क तयार होतो. बडोद्याचा अलेम्बिक कारखाना १९०७ साली उभा राहिला तोही मद्यार्क आणि टिंक्चरे करण्यासाठीच.

दोन्ही राज्यांचा कायदा मुळात एकच, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. त्याच कायद्याखाली तिकडे परवाना घेऊन पुण्यात 'मूनशाइन' आणि नाशकात 'सेराना' हे मीडचे कारखाने निघाले; दुसऱ्याचे नाव आपल्या सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नावावरून घेतलेले. इकडे ते शक्य नाही. त्याबद्दल आमची तक्रार नाही. दारूपायी बसलेली घरे आम्ही या तालुक्यातही पाहिली आहेत. येथे राहून आम्ही मीड करणार नाही. पण ती विद्या समजून घ्यायला बंदी नाही.

ती समजून घेताना आमचे लक्ष स्वतःच्या घराकडे गेले. आमच्या कित्येक पिढ्या या मातीत मुरल्या. नात जेवताना 'हवे बस' म्हणते तेव्हा तिला नको असते. गुजरातीतले 'हवे' म्हणजे 'आता'. देशावरचे पाहुणे गोंधळतात, आम्ही हसतो. बोलण्यातील जुनी गोडी पुष्कळशी जिरली, याची हळहळ आमच्या प्रत्येक बैठकीत होते. पण गोडी जाणे आणि गंध जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्याच नातीला आजीची ओवी चालीसकट येते. ती तिला कोणी शिकवणी लावून शिकविली नाही. रोज दळणाचे डबे भरताना हळूहळू कानावर पडत गेली.

अलीकडे जांबुघोड्याकडून मध विकायला येणाऱ्याला आम्ही भाव विचारण्याआधी फूल विचारतो. तो बहुधा 'जंगलाचे' एवढेच सांगतो. मग आम्ही चमचाभर मध पेलाभर पाण्यात ढवळतो, आणि गोडी पातळ झाल्यावर वास किती उरतो ते पाहतो.