पाण्याची रेघ

काही शहरे अशी असतात, की तेथे पाऊल ठेवण्यापूर्वीच ती प्रवाशाच्या परिचयाची झालेली असतात. इटलीतील व्हेनिस हे त्यांपैकी एक. भिंतीवरील दिनदर्शिकेत, चित्रपटांत, बिस्किटांच्या डब्यांच्या झाकणांवर त्याची चित्रे पाहत माणसे मोठी होतात. निळ्या पाण्याचा कालवा, त्यावर कमानदार पूल आणि पुलाखालून सरकणारी काळी गोंडोला, एवढे एकत्र आले की चित्राखाली नाव लिहिण्याचीही आवश्यकता उरत नाही. अशा शहरात कॅमेरा घेऊन जाणाऱ्या माणसासमोर एक अडचण उभी राहते. जे चित्र असंख्य वेळा टिपले गेले आहे, ते पुन्हा टिपून त्याने नेमके काय मिळवावे?

नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात चार दिवसांसाठी व्हेनिसला गेल्या, तेव्हा हा प्रश्न त्यांच्या मनात नव्हता. ‘खाजण’ म्हणजे काय, हे त्यांनी फळ्यावर आकृती काढून कितीतरी वर्गांना समजावून दिले होते. नद्यांनी आणलेला गाळ, समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये साचलेले वाळूचे लांबट बांध आणि त्या बांधांच्या आडोशाला पसरलेले उथळ, खारे पाणी. अशाच एका खाजणात, शंभराहून अधिक लहान बेटांवर, मऊ चिखलात लाकडी खांब ठोकून व्हेनिस उभे राहिले. प्राणवायू पोहोचत नसलेल्या चिखलात रुतलेले हे खांब शतकानुशतके टिकून आहेत. हे सारे बाईंना पाठ होते. आता ते डोळ्यांनी पाहायचे आणि कॅमेऱ्यात साठवून घरी न्यायचे, एवढाच त्यांचा साधा हेतू होता.

रेल्वे स्थानकातून बाहेर पडताच रस्ता लागत नाही. पायऱ्या उतरल्या की समोर थेट ग्रँड कॅनाल असतो. उलट्या ‘एस’ अक्षरासारखा वळत गेलेला हा मुख्य कालवा सुमारे पावणेचार किलोमीटर लांब आहे. बाईंनी पहिला दिवस त्याच्या काठाने घालवला. १५९१ मध्ये पूर्ण झालेला रिआल्तोचा दगडी पूल त्यांनी दोन्ही बाजूंनी टिपला. १८५४ पर्यंत या कालव्यावर हा एकच पूल होता. संत मार्क चौकातील सुमारे नव्याण्णव मीटर उंचीचा मनोरा चौकटीत पुरता बसेना, तेव्हा त्या मागे सरत सरत चौकाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. गोंडोला तर किती टिपल्या, त्याची गणतीच नव्हती. गोंडोलेची डावी बाजू उजवीपेक्षा मुद्दाम रुंद बांधलेली असते. नावाडी एकाच वल्ह्याने उजव्या बाजूस वल्हवतो. नाव दोन्ही बाजूंनी सारखी असती, तर ती डावीकडे वळतच राहिली असती. ही माहिती ऐकून बाईंना फार आनंद झाला. परंतु छायाचित्रात ती असमानता कोठेच उमटली नाही.

दुपारी एका अरुंद कालव्यावरील लहानशा पुलावर त्या थांबल्या. अशा कालव्यांत सूर्य डोक्यावर असतानाच काय तो थोडा वेळ उजेड उतरतो आणि पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश पुलाच्या कमानीच्या आतल्या अंगावर थरथरत राहतो. गोंडोला नेमकी त्या प्रकाशाखाली यावी, म्हणून बाई पुलाच्या मध्यावर कॅमेरा डोळ्याला लावून वाट पाहू लागल्या. मागे माणसे खोळंबली आहेत, याचे त्यांना भान राहिले नाही. तेवढ्यात अगदी कानाशी शब्द आला, “पेर्मेस्सो!” जरा वाट द्या, असा त्याचा अर्थ. बाईंनी बटण दाबले आणि त्या दचकून बाजूला झाल्या. त्यांच्याच वयाची एक स्त्री चाके लावलेली बाजाराची पिशवी एकेक पायरी वर ओढत होती. पिशवीतून भाजीची पाने डोकावत होती. ती रागावलेली नव्हती, पण हसलीही नाही. पुलाच्या पायऱ्या उतरून ती गल्लीत दिसेनाशी झाली. या शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेक पुलांना पायऱ्याच आहेत. बाजारातून घरी परतणाऱ्या माणसाला असे किती पूल ओलांडावे लागत असतील आणि त्यांतील किती पुलांवर कोणीतरी कॅमेरा घेऊन उभे असेल, हा विचार बाईंच्या मनातून जाईना.

रात्री निवासस्थानी त्यांनी दिवसभराची छायाचित्रे पाहिली. ती सुबक होती. परंतु त्यांतील प्रत्येक चित्र त्यांनी पूर्वी कोठेतरी पाहिलेले होते. एकच चित्र निराळे निघाले. त्यात गोंडोला अर्धीच आली होती, कमान तिरपी झाली होती आणि कडेला पिशवीच्या मुठीवर आवळलेला एक हात दिसत होता. तांत्रिक दृष्ट्या सर्वांत सदोष असे ते चित्र होते. तरीही बाई बराच वेळ त्याच्याकडेच पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पहाटेच बाहेर पडल्या. गल्ल्या मोकळ्या होत्या. ओहोटी लागली होती आणि कालव्याचे पाणी खाली गेले होते. पाणी निळे नव्हते. ते हिरवट, काहीसे गढूळ होते. घरांचे दरवाजे थेट पाण्यावर उघडत होते आणि त्यांच्या पायऱ्या एकामागून एक पाण्यात उतरत होत्या. खालच्या पायऱ्यांवर गडद हिरवे शेवाळ चढले होते. भिंतीवरही ठरावीक उंचीपर्यंत शेवाळाचा पट्टा होता आणि तेथे तो एका सरळ रेषेत संपत होता. त्या रेषेच्या वर, विटांचा गिलावा गळून पडला होता आणि उघड्या विटा भुगा होऊन झडत होत्या.

बाईंना गोदावरी आठवली. नाशिकला रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची मूर्ती नदीच्या पात्रातच उभी आहे. पावसाळ्यात पूर आला की पाणी किती चढले, हे नाशिककर त्या मूर्तीवरून सांगतात. पाणी मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आले, कमरेपर्यंत आले, गळ्यापर्यंत आले, एवढे शब्द ऐकले की सारे गाव काय ते समजते. पाण्याच्या काठी राहणाऱ्या माणसांची नजर आधी खाली जाते, शिखरांकडे नंतर. काल दिवसभर आपला कॅमेरा वरच वर पाहत होता, हे बाईंच्या ध्यानी आले.

व्हेनिसच्या भिंतीवरील ही हिरवी रेघ शास्त्रज्ञांनीही वाचली आहे. अठराव्या शतकात कानालेत्तो या चित्रकाराने आपल्या या जन्मगावाची शेकडो चित्रे रंगवली. भिंगातून येणारी समोरच्या दृश्याची प्रतिमा कागदावर पाडणाऱ्या एका अंधाऱ्या पेटीचे तो साहाय्य घेत असे, असे मानले जाते. ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ या नावाची ही पेटी म्हणजे आजच्या कॅमेऱ्याची पूर्वजच होय. कानालेत्तोने व त्याचा भाचा बेल्लोत्तो याने वाड्यांच्या पायथ्याशी असलेली शेवाळाची रेघसुद्धा काळजीपूर्वक रंगवली होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी दारिओ कामुफ्फो या इटालियन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्याने चित्रांतील ती रेघ त्याच वाड्यांवरील आजच्या रेघेशी ताडून पाहिली. मधल्या काळात रेघ सुमारे साठ सेंटिमीटर वर चढली असल्याचा निष्कर्ष त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. समुद्र वर येत आहे आणि शहर खाली बसत आहे, या दोन्ही गोष्टी त्यात सामावलेल्या आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास जवळच्या औद्योगिक वसाहतीसाठी भूगर्भातील पाणी भरमसाट उपसले गेले, त्यामुळे जमीन अधिक वेगाने खचली. पुढे त्या उपशास आवर घालण्यात आला.

वास्तविक, जुन्या कारागिरांनी इमारतींच्या पायथ्याशी इस्त्रियाचा घट्ट दगड बसवला होता. त्यातून पाणी वर झिरपत नाही. परंतु पाणी या दगडाच्या वर पोहोचले की ते विटांत शिरते, वाळताना मागे क्षार ठेवते आणि त्या क्षारांचे स्फटिक वाढत जाऊन विटा आतून फोडतात. गिलावा का झडतो, याचे उत्तर त्या हिरव्या रेषेत होते.

शरद आणि हिवाळ्यात दक्षिणेचा ‘शिरोक्को’ वारा समुद्राचे पाणी खाजणाकडे लोटतो. त्यात पौर्णिमा वा अमावास्येची भरती मिळाली की शहरात पाणी शिरते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी ते १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले होते. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ सेंटिमीटरपर्यंत. ही उंची रस्त्यावरील पाण्याची नव्हे, तर १८९७ मध्ये निश्चित केलेल्या शून्य पातळीपासून मोजलेली आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खाजणाच्या तीन मुखांशी बसवलेले ७८ अजस्र दरवाजे भरतीच्या वेळी प्रथमच उचलले गेले आणि शहर कोरडे राहिले. दरवाजांनी महापूर अडतो. परंतु समुद्राची पातळी वाढत राहिली, तर ते पुनःपुन्हा उचलावे लागतील आणि खाजणाचा समुद्राशी असलेला श्वासोच्छ्वास तितक्या वेळा खंडित होईल. इलाज मिळाला आहे, आजार संपलेला नाही.

त्या सकाळपासून बाईंच्या छायाचित्रांचा विषय बदलला. त्या पायऱ्या टिपू लागल्या. शेवाळाची रेघ टिपताना त्या शेजारी ओळखू येईल अशी एखादी खूण घेत. दाराची कडी, दगडात कोरलेली आकृती, नाव बांधण्याचे लोखंडी कडे. वहीत प्रत्येक चित्रापुढे स्थळ, दिनांक आणि वेळ लिहीत. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन १८४५ मध्ये येथे आला, तेव्हा छायाचित्रणाची कला केवळ सहा वर्षांची होती. झिजत चाललेल्या आणि दुरुस्तीच्या नावाखाली खरवडल्या जाणाऱ्या वाड्यांच्या चांदीच्या पत्र्यावरील प्रतिमा त्याने जमवल्या आणि १८५१ ते १८५३ या काळात व्हेनिसच्या वास्तुकलेवरील आपला त्रिखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. सौंदर्याइतकीच साक्षही महत्त्वाची असते, हे त्याने ओळखले होते.

तिसऱ्या दिवशी बाईंनी पाण्यावरील दिनक्रम टिपला. येथे कचरा नावेतून जातो, रुग्णाला इस्पितळात नावेतूनच नेतात, घर बदलणाऱ्याचे कपाटही नावेतूनच येते. रिआल्तो पुलाजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत त्यांना लाल आकडे चमकताना दिसले. शहराच्या जुन्या भागात किती माणसे राहतात, हे दाखवणारा तो फलक २००८ मध्ये लावलेला होता. १९५१ मध्ये ही संख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली गेली. घरे प्रवाशांना भाड्याने देणे अधिक लाभाचे ठरू लागले, किराणा दुकानांच्या जागी मुखवट्यांची दुकाने आली आणि तरुण कुटुंबे कामासाठी व परवडणाऱ्या घरासाठी मुख्य भूमीवर गेली. बाईंनी त्या आकड्यांचे चित्र घेतले. काचेत त्यांचे स्वतःचे प्रतिबिंबही उमटले, कॅमेऱ्यासह. ते टाळण्यासाठी त्या किंचित सरकल्या, मग पुन्हा होत्या तेथेच उभ्या राहिल्या. त्या चित्रात आपणही असणे योग्यच आहे, असे त्यांना वाटले.

संत मार्क चौकातील उंच मनोरा १४ जुलै १९०२ रोजी कोसळला होता. तो जसा होता तसा, त्याच जागी पुन्हा बांधण्यात आला आणि १९१२ मध्ये लोकांसाठी खुला झाला. पडलेला मनोरा दहा वर्षांत उभा राहतो. घर सोडून गेलेली माणसे तशी परत आणता येत नाहीत. २०२४ च्या एप्रिलपासून ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्या प्रवाशांकडून प्रवेशशुल्क घेण्यास प्रारंभ झाला. त्याने गर्दी किती कमी होईल, याविषयी शहरातच मतभेद आहेत. परंतु प्रवाशाच्या हाती एक गोष्ट कोणत्याही शुल्काविना असते. पुलावर थांबायचे असेल, तर त्याने कठड्याला लागून उभे राहावे आणि मागे कोण आहे, ते आधी पाहावे.

नाशिकला परतल्यावर बाईंना जुन्या शाळेने बोलावले. मुलांना वाटले होते, की आता गोंडोला पाहायला मिळतील. बाईंनी त्याही दाखवल्या. मग एका हिरव्या रेघेचे चित्र पडद्यावर आणून त्या काहीच बोलल्या नाहीत. वर्ग थोडा वेळ शांत राहिला. शेवटच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “बाई, हा त्यांचा दुतोंड्या मारुती का?”

बाईंनी मान हलवली आणि वही उघडून त्या चित्राचा दिनांक फळ्यावर लिहिला.