भरिताचा रविवार

रविवार, रात्री.

रत्नागिरीचा मित्र आत्ताच गाडीत बसला. दोन दिवस त्याला जळगावचं खायला घालायचं, एवढाच बेत होता. काल शेवभाजी झाली. तर्रीचा लाल रंग बघूनही गडी मागे हटला नाही.

पण खरी मजा आज, शेतावर. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवल्या आणि त्या जाळात बामणोदची मोठाली हिरवी वांगी टाकली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा धुरकट वास येतच नाही, कोणी काहीही म्हणो. साल काढून गर लाकडी बडगीत घातला, हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचला. वरून शेंगदाणे, कांद्याची पात, तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली.

भातावर वाढलेला हा माणूस भाकरी मागून मागून घेत होता. आईचा चेहरा काय फुलला होता! पाहुणा पोटभर जेवला की घरालाच तरतरी येते.

जळगावच्या या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याची चव कळायला थंडीतच यायला हवं. डिसेंबरात या, आणि मुक्काम शेतावर करा.