बर्फावर चालून बघाच!

मला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं! मनालीला जाऊन आलेल्यांनी एकमेकांना बर्फ फेकून मारल्याचे फोटो दाखवले होते, काश्मीरवाल्यांनी भाड्याचे गमबूट घालून काढलेले. पण बर्फातून दिवसभर चालायचं, त्याच्यावरच तंबू ठोकून झोपायचं आणि उजाडायच्या आत पुन्हा चढायला लागायचं, यात एवढं सुख आहे हे मला केदारकंठ्याला गेल्यावर कळलं. तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

केदारकंठा उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यानात आहे. गोविंद वल्लभ पंतांच्या नावाचं हे अभयारण्य 1955 सालचं; वरच्या भागात हिमबिबट्यांचा वावर. डेहराडूनहून सकाळी निघालेली जीप पुरोला, मोरी करत दिवसभर वळणं घेत राहते, मोरीपासून पुढे टोन्स नदीच्या काठाने. नैटवाडला रूपिन आणि सूपिन एकत्र येतात आणि टोन्स होते, तिथेच वनखात्याची चौकी लागते. मग सांकरी. देवदाराच्या लाकडाची घरं, अंगणात सरपण रचलेलं. गावाची उंची साधारण 6,400 फूट. आपलं कळसूबाई 5,400! म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकाहून हजार फूट वर आपण नुसते मुक्कामाला पोचलेले असतो, चढाई तर सुरूही झालेली नसते.

पहिला बर्फ झाडांच्या सावलीत भेटतो, कुठे कुठे साचून राहिलेला. वर जावं तसा तो वाढत जातो आणि एका वळणानंतर पायाखालची माती दिसेनाशीच होते. तिथे आमच्या गाइडने सगळ्यांना थांबवलं. बुटांवर गेटर्स चढवायला लावले, म्हणजे बर्फ आत शिरत नाही. मग मायक्रोस्पाइक्स, रबराच्या पट्ट्याने बुटावर ताणून बसवायच्या दातेरी साखळ्या. आणि मग म्हणाला, “दीदी, चढते वक्त पंजा मारो, उतरते वक्त एड़ी.” सह्याद्रीत आपण खडकावर भरवसा ठेवायला शिकतो, खोबणी शोधतो, कारवी धरतो. इथे खोबणी आयती नसतेच, ती आपल्या बुटाने ठोकून करायची! पंजा मारला, पाय रुतला, वजन टाकलं, पायरी तयार. मागचा माणूस त्याच पायरीत पाय ठेवतो, त्याच्या मागचाही. सगळ्यांच्या पायांनी ती पायरी घट्ट होत जाते आणि थोड्या वेळाने पांढऱ्या उतारावर आपलीच वाट उमटलेली असते.

एका मोकळ्या उतारावर कोल्ह्याची पावलं दिसली. मी गुडघ्यावर बसून बघितली. कडा अजून धारदार होत्या, बोटांचे ठसेसुद्धा वेगळे मोजता येत होते. आणि ओळ एकच, दोरी लावून आखावी तशी सरळ! गाइडने सांगितलं, कोल्हा मागचा पाय पुढच्या पायाच्याच ठशात टाकतो, नव्या बर्फात उगाच दम घालवत नाही. म्हणजे आम्ही सकाळपासून घोळका करून जे शिकत होतो, ते हा एकटा बहाद्दर करून गेला होता.

जूडा का तालाब गोठलेला होता. जवळच तंबू. थंडीशी कसं वागायचं हे इथे एकेक करून शिकायला मिळालं आणि मला त्याचं फारच कौतुक वाटलं. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण पाणी वरून गोठत येतं. बर्फ बुडाशी होतो, झाकण मोकळं राहतं. मोबाइल आणि टॉर्चचे सेल स्लीपिंग बॅगमध्ये. चढताना घाम फुटायच्या आत एक जॅकेट उतरवायचं, थांबलं की लगेच चढवायचं. ओला कपडा सगळ्यात वाईट. रात्री ताजा बर्फ पडला. उत्तरेत बर्फ पडला, आता निफाडचा पारा घसरणार, ही बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो ना? पार भूमध्य समुद्राकडून वाऱ्यांबरोबर येणारी ते पश्चिमी विक्षोभाचं बाष्प माझ्या तंबूवर उतरत होतं!

माथ्यासाठी तीनच्या सुमारास निघायचं. पहाटेचा बर्फ कडक, पाऊल टाकलं की कर्र वाजतो. पुढे हेडटॉर्चची रांग. शेवटचा चढ उभा आहे, हवा विरळ, दहा पावलं आणि श्वास, दहा पावलं आणि श्वास. आणि मग माथा, साधारण 12,500 फूट! महादेवाचं छोटं ठाणं, त्रिशूळ, आणि समोर स्वर्गारोहिणी. पांडव जिथून स्वर्गाला गेले असं सांगतात, ती साक्षात पुढ्यात, 6,252 मीटर. शेजारी बंदरपूंछ, काळानाग. ऊन आधी त्यांच्या शेंड्यांवर आलं, मग आमच्यावर, आणि सगळे एकदम ओरडलो. गॉगल मात्र लगेच लावायचा; ताजा बर्फ बहुतेक सगळं ऊन डोळ्यांवर परत फेकतो.

डिसेंबरअखेर इथे फार गर्दी होते, बर्फात बिस्किटांचे पुडे दिसतात आणि जीव तुटतो. जमलं तर फेब्रुवारी गाठा, आणि आपला कचरा आपल्याच सॅकमधून खाली आणा.

उतरताना गाइडने एक मोकळा, सुरक्षित उतार निवडला आणि म्हणाला, बसा! बसलो, पाय पुढे, आणि सुटलो. चढायला घामटा निघालेली उंची बघता बघता संपली, साठीच्या पुढच्या एक काकू तर परत वर चढून दुसऱ्यांदा घसरल्या. सांकरीला राजमा-भात खातानाच मी गाइडला हर की दूनचं विचारून घेतलं. तीही वाट याच गावाच्या पुढून जाते, आणि हिवाळ्यात तीही बर्फाखाली असते. तिकडे जायचंच आहे. सरावासाठी सिंहगड चढायला मी सुरुवात केलीय, कुणाला यायचं असेल तर चला!